पंप तोंडात गेला, पण औषध कुठं गेलं?

मी नऊ वर्षं श्वासावाटे औषध घ्यायचा पंप, म्हणजे इनहेलर, वापरत होते आणि तो नीट वापरते अशी माझी पक्की खात्री होती. मग एका तपासणीला फुप्फुसांची चाचणी घेणाऱ्या बाई सहज म्हणाल्या, "रोज कसा घेता, तसा एकदा घेऊन दाखवा ना." मी झाकण काढलं, पंप तोंडात धरला, दाबला आणि श्वास घेतला. खिडकीतून तिरकं ऊन येत होतं. त्या उन्हात माझ्या ओठांच्या कोपऱ्यातून निघालेला पांढरा फवारा आम्हा दोघींनाही स्वच्छ दिसला. "हे बाहेर गेलं ना, ते तुमचं औषध होतं," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, पण मला मात्र एकदम भरून आलं. नऊ वर्षांत किती रात्री उशीला टेकून बसून काढल्या, किती वेळा डोस वाढला, आणि त्यातलं किती औषध असं हवेत विरलं असेल?

तेव्हापासून दम्याचं किंवा सीओपीडीचं (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचं) माणूस भेटलं की मी आधी पंप बघायला मागते. कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टर ठरवतात आणि ते त्यांनीच ठरवावं. पण ते औषध फुप्फुसात पोचतं की घशात चिकटून राहतं, हे आपल्या श्वासावर आणि हातावर अवलंबून असतं. उपचाराची ही अर्धी बाजू आपल्या ताब्यात आहे आणि नेमकं तिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं.

हे माझ्या एकटीचं नाही. चाळीस वर्षांत झालेल्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातल्या साधारण ३१ जणांचंच तंत्र बरोबर निघालं. शिवाय इतक्या वर्षांत हे प्रमाण सुधारलेलंही नव्हतं. म्हणजे शिकलेले-न शिकलेले, तरुण-म्हातारे, सगळेच चुकतात. दोष बुद्धीचा नाही. दाखवून शिकवणारं आणि नंतर पुन्हा तपासणारं कुणी नसतं, म्हणून हे होतं.

औषध श्वासावाटेच का?

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते, त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ साचतो. आधीच अरुंद झालेल्या वाटेतून हवा जाताना जी शिटी वाजते, तीच आपल्याला छातीतली घरघर म्हणून ऐकू येते. सीओपीडीत, म्हणजे बहुतेकदा धूम्रपानाने किंवा वर्षानुवर्षं धुरात राहिल्याने होणाऱ्या आजारात, नलिका कायमच्या अरुंद होतात आणि फुप्फुसाची लवचीकताही कमी होते. दुखणं नलिकेच्या आतल्या अस्तरात आहे, तर औषध थेट तिथंच लावावं, इतका साधा हा विचार आहे.

गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते, सगळ्या अंगभर फिरते आणि तिचा थोडासा भाग फुप्फुसात पोचतो. म्हणून तिचा डोस मोठा ठेवावा लागतो. साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका सैल करणारं औषध घ्या. मोठ्या माणसाच्या गोळीत ते साधारण ४ मिलिग्रॅम, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम असतं. पंपाच्या एका पफमध्ये, म्हणजे एकदा दाबल्यावर निघणाऱ्या फवाऱ्यात, असतं १०० मायक्रोग्रॅम. दोन पफ घेतले तरी ते गोळीच्या विसाव्या हिश्शाएवढंच झालं. गोळीने हात थरथरतात, छाती धडधडते, ती का, हे यावरून कळेल. "पंप नको, सवय लागेल, त्यापेक्षा गोळी बरी," असं जेव्हा कुणी सांगतं तेव्हा मला हा हिशेब मांडावासा वाटतो. पंपाची सवय लागत नाही. आजार लांब पल्ल्याचा आहे, म्हणून औषध लांब पल्ल्याचं आहे. चष्मा रोज लावावा लागतो म्हणून त्याला कुणी व्यसन म्हणत नाही.

"इनहेलर" हा शब्द १७७८ सालचा. जॉन मज नावाच्या इंग्रज वैद्याने खोकल्यासाठी वाफ घ्यायचा एक धातूचा पेला बनवला आणि त्याला हे नाव दिलं. खिशात मावणारा, दाबला की मोजून तेवढाच डोस देणारा पंप मात्र १९५६ साली बाजारात आला. त्यामागची गोष्ट मला फार आवडते. रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या शाळकरी मुलीला दमा होता. तिला त्या काळचा नाजूक, सहज फुटणारा काचेचा फवारा वापरावा लागे. तिने वडिलांना विचारलं, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध डब्यात का नाही भरता येत? आज आपल्या हातात असतो तो पंप या प्रश्नातून आला.

आता मुख्य अडचण. औषधाचे कण फुप्फुसात खोलवर जायचे तर त्यांचा आकार साधारण १ ते ५ मायक्रॉन असावा लागतो. आपला केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा. ५ मायक्रॉनहून मोठे कण घशाच्या वळणावर आदळतात आणि तिथंच राहतात. कण योग्य आकाराचे असले, पण फार वेगाने आले, तरी तेच होतं. वेगात आलेली गाडी वळणावर सरळ जाऊन धडकते, तसंच. म्हणून साधा दाबायचा पंप अगदी नीट वापरला तरी डोसाचा साधारण १० ते २० टक्केच भाग फुप्फुसात उतरतो. हे धरूनच डोस ठरवलेला असतो, काळजी नको. पण त्यातही आपण चूक केली तर हातात जवळजवळ काहीच उरत नाही.

लगेच बरं वाटतं ते, आणि खरं काम करतं ते

माझ्या आत्याकडे दोन पंप होते. एक निळा, एक तपकिरी. निळा सतत हाताशी, तपकिरी कपाटात. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, त्या दुसऱ्याने काही होतच नाही. हा घेतला की कसं, लगेच छाती मोकळी होते." तिचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. त्यावरून तिने काढलेला अर्थ चुकीचा होता.

निळ्यात साल्ब्युटामॉल होतं. ते आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं आणि त्याचा परिणाम ४ ते ६ तास टिकतो. सुजेला मात्र ते हातही लावत नाही. तपकिरीत होतं स्टेरॉइड, जे सूज उतरवतं. ते दिवस-आठवड्यांच्या गतीने काम करतं, म्हणून घेतल्याघेतल्या काहीच जाणवत नाही. छतातून पाणी गळत असताना फरशी पुसली की लगेच कोरडं दिसतं. छत दुरुस्त करणारा माणूस दिसतही नाही. आत्या रोज फरशी पुसत होती.

(रंगांवर मात्र भिस्त ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी आरामाचा (लगेच छाती मोकळी करणारा) पंप निळा असतो, पण तसा सगळीकडे लागू होणारा नियम नाही. डबीवरचं औषधाचं नाव वाचा, किंवा औषधाच्या दुकानात विचारून त्यावर मोठ्या अक्षरात "रोजचा" आणि "धाप लागल्यास" असं लिहून ठेवा.)

ही चूक किती महागात पडू शकते ते जगभरच्या दमातज्ज्ञांच्या 'जिना' या गटाने स्पष्ट सांगितलं आहे. एका वर्षात साल्ब्युटामॉलच्या २०० पफच्या तीन किंवा अधिक डब्या लागत असतील, तर दम्याचा मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक, म्हणजे वर्षाला बारा डब्या लागत असतील, तर मृत्यूचा धोकाही वाढलेला असतो. २०१९ पासून या गटाने आणखी एक पाऊल टाकलं: दमा असलेल्या मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना नुसतं साल्ब्युटामॉल देऊ नये, सोबत सूज उतरवणारं स्टेरॉइड असलंच पाहिजे. दमा सौम्य असला तरीही. सौम्य दम्याच्या माणसालाही एकाएकी जीवघेणा झटका येऊ शकतो.

त्यामुळे हल्ली अनेकांना एकच पंप दोन्ही कामांसाठी दिला जातो, त्यात स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असतात. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत गुण देतं आणि साधारण बारा तास टिकतं, म्हणून हे जमतं. पण प्रत्येक जोडऔषध असं चालत नाही. साल्मेटेरॉल असलेल्या पंपाचा परिणामही बारा तास टिकतो, मात्र तो सुरू व्हायला वेळ लागतो. ऐन धाप लागलेली असताना तो उपयोगाचा नाही. तुमच्या पंपात यातलं कोणतं आहे हे विचारून घ्या, आणि "एका दिवसात जास्तीत जास्त किती पफ?" हा प्रश्नही त्याच वेळी विचारा.

सीओपीडीचं गणित निराळं. तिथं मुख्य आधार श्वासनलिका दीर्घकाळ उघड्या ठेवणाऱ्या औषधांचा असतो, उदाहरणार्थ टायोट्रोपियम, जे दिवसातून एकदा पुरतं. स्टेरॉइड काहींनाच लागतं, कारण सीओपीडीत त्यामुळे न्यूमोनियाची शक्यता वाढते. म्हणून दम्याच्या शेजाऱ्याचा पंप सीओपीडीच्या माणसाने घेऊन बघायचा नसतो.

"स्टेरॉइड" शब्दाला लोक घाबरतात. व्यायामशाळेत गैरवापर होतो ती औषधं वेगळी. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि बहुतेक परिणाम नलिकेतच करतं. त्याचे दुष्परिणाम अजिबात नाहीत असं मी म्हणणार नाही. आवाज बसतो, तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात, आणि लहानपणी वर्षानुवर्षं घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची साधारण १ सेंटिमीटरने कमी भरल्याचं दिसलं आहे. आई-वडिलांनी हे माहीत करून घ्यावं. मग दुसऱ्या बाजूला रात्रीची झोप, शाळा, मैदान आणि झटक्याचा धोका ठेवून पाहावं. गरोदरपणातही डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप बंद करू नये. दमा अनावर झाला तर बाळाचाही प्राणवायू कमी होतो.

कोणता पंप? आधी श्वास बघा, मग हात

साधने ढोबळमानाने चार प्रकारची. दाबायचा पंप, भुकटीचा पंप, संथ फवाऱ्याचा पंप, आणि विजेवर चालणारा नेब्युलायझर. औषधं साधारण तीच, ती आत न्यायची पद्धत वेगळी.

दाबायच्या पंपात औषध द्रवरूप वायूसोबत दाबाखाली भरलेलं असतं. दाबला की ते अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळात बाहेर येतं. तेवढ्या वेळात बोट आणि श्वास जुळावे लागतात, आणि बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. भुकटीच्या पंपात असा वायू नसतो. आपण जोरात ओढलेल्या श्वासानेच भुकटी विस्कटते, बारीक होते आणि आत जाते. त्यामुळे बोट-श्वास जुळवायची कटकट नाही, पण ओढायला जोर हवा. संथ फवाऱ्याचा पंप स्प्रिंगच्या जोरावर दीड-एक सेकंद टिकणारं मऊ धुकं सोडतो. त्याला जोर कमी लागतो, घाईही कमी.

यातून निवड कशी करायची? माझ्या मते पहिला प्रश्न: हा माणूस जोरात आणि खोल श्वास ओढू शकतो का? फक्त बरा असताना नव्हे, धाप लागली असतानाही? नसेल, तर भुकटीच्या पंपावर विसंबू नये. पाच-सहा वर्षांखालची मुलं, फार अशक्त झालेली म्हातारी माणसं, तीव्र सीओपीडीची माणसं यांना हा जोर बऱ्याचदा जमत नाही. ओढ मोजायची छोटी साधनं असतात, त्यामुळे अंदाजाने ठरवायची गरज नाही. तपासून मागा.

दुसरा प्रश्न: बोट आणि श्वास एकाच क्षणी जुळतात का? नसतील, तर दाबायच्या पंपाला स्पेसर जोडा. स्पेसर म्हणजे एक पोकळ प्लॅस्टिकची नळी. फवारा त्यात सोडायचा. तिथं त्याचा वेग मरतो, मोठे कण भिंतीला चिकटतात, आणि उरलेलं बारीक औषध सावकाश ओढून घेता येतं. घशात कमी साचतं, फुप्फुसात जास्त जातं. लोक त्याला लहान मुलांची वस्तू समजतात, हे फार चुकीचं आहे. स्टेरॉइड दाबायच्या पंपातून घेणाऱ्या प्रत्येकाने, वय काहीही असो, स्पेसर वापरावा असं मला ठामपणे वाटतं. अगदी लहान बाळांसाठी त्याला मास्क लावतात. मास्क नाका-तोंडावर घट्ट बसला पाहिजे. चेहऱ्यापासून बोटभर लांब धरला तरी डोस वाया जातो. रडत्या बाळालाही औषध नीट पोचत नाही, तेव्हा आधी त्याला शांत करा.

तिसरा प्रश्न हाताचा. माझ्या आत्याची बोटं संधिवाताने वाकली आहेत. तिला मधे कॅप्सूलचा भुकटीचा पंप दिला गेला. फॉइल फाडून बारीक कॅप्सूल काढायची, ती पंपात बसवायची, कळ दाबून भोक पाडायचं. तिच्याने फॉइलच फाटेना. अशा वेळी औषध कितीही चांगलं असो, ते घेतलं जात नाही.

आणि शक्यतो दोन-तीन औषधांसाठी एकाच जातीचं साधन घ्या. सकाळी जोरात ओढायचा आणि रात्री सावकाश ओढायचा, असे दोन पंप एकाच माणसाकडे असले की गोंधळ ठरलेलाच. दुकानातून अचानक वेगळ्या बनावटीचा पंप हातात आला, तर "तेच औषध आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. घ्यायची रीत बदलली का, ते विचारा.

नेब्युलायझर म्हणजे सगळ्यात जोरकस उपचार, असा एक पक्का समज आहे. मशीनचा आवाज येतो, धूर दिसतो, त्यामुळे काहीतरी मोठं चाललंय असं वाटतं. पण जीवघेणा नसलेल्या झटक्यात पंप आणि स्पेसर नेब्युलायझरइतकंच काम करतात, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. आणि स्पेसर विजेवाचून चालतो, पिशवीत मावतो.

पर्यावरणाचाही एक मुद्दा आहे. जुन्या पंपांतला वायू ओझोनच्या थराला मारक होता, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू काढून टाकला गेला. त्याच्या जागी आलेला वायू ओझोनला धक्का लावत नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक उष्णता धरतो. भुकटीच्या पंपात हा वायूच नाही. ज्यांना दोन्ही प्रकार सारखेच जमतात, त्यांनी डॉक्टरांशी यावर जरूर बोलावं. पण आपल्या मनाने पंप बदलू नये.

हळू की जोरात?

सगळ्यात जास्त चुका या एका गोष्टीत होतात. दाबायचा पंप हळू ओढायचा. भुकटीचा जोरात ओढायचा. लोक नेमकं उलटं करतात.

दाबायचा पंप असा घ्या. ताठ बसा किंवा उभे राहा. झाकण काढून तोंडाच्या भागात डोकावून बघा. खिशात-पिशवीत उघडा राहिलेल्या पंपात नाणी शिरून ती फुप्फुसात गेल्याच्या घटना घडल्या आहेत. पंप चांगला हलवा, कारण अनेक पंपांत औषध तळाशी बसलेलं असतं. नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर आधी हवेत फवारे मारून घ्या. किती, ते सोबतच्या कागदावर असतं. आता सावकाश श्वास पूर्ण सोडा. हनुवटी किंचित वर. ओठ पंपाभोवती घट्ट, जीभ खाली. श्वास आत घ्यायला सुरुवात करा आणि तो सुरू झाल्याझाल्या डबी दाबा. दाबल्यावरही ओढत राहा, हळू, सलग, तीन ते पाच सेकंद. गरम पाण्याचा घोट घेतो तितक्या बेताने. मग तोंड मिटून दहा सेकंद श्वास रोखा, नाही जमलं तर जमेल तेवढा. या दहा सेकंदांत बारीक कण नलिकेच्या भिंतीवर बसतात. लगेच सोडला तर ते आल्या पावली परततात.

दुसरा पफ हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबा, पुन्हा हलवा, पुन्हा हेच सगळं. दोन पफ एकदम दाबू नका.

माझी चूक कुठं होती? मी आधी दाबत होते आणि मग ओढत होते. मधला वेळ डोळ्याची पापणी लवण्याइतका. तेवढ्यात फवारा तोंडात आदळून बाहेर पडत होता.

स्पेसर लावला की हा वेळेचा पेच सुटतो. एका वेळी एकच पफ स्पेसरमध्ये सोडा आणि लगेच सावकाश ओढा, मग श्वास रोखा. दमछाक होत असेल किंवा मूल लहान असेल, तर स्पेसर तोंडातून न काढता पाच-सहा साधे श्वास घ्यायचे. झडपेची टकटक ऐकू येते, त्यावर मोजता येतं. शिटीसारखा आवाज करणारे स्पेसर असतात. ती शिटी वाजली म्हणजे तुम्ही फार जोरात ओढताय.

भुकटीच्या पंपाची सुरुवात डोस भरण्यापासून होते: काहींत कळ सरकवायची, काहींत तळ फिरवायचा, काहींत कॅप्सूल घालायची. भरल्यावर तो आडवा-तिरका झटकू नका. श्वास सोडताना तोंड पंपापासून बाजूला करा. हे फार महत्त्वाचं. आत फुंकलं तर भुकटी उडते आणि तोंडातली वाफ लागून तिचे गोळे होतात. मग ओठ घट्ट मिटून पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल ओढा. हळू सुरुवात करून शेवटी जोर लावण्यात अर्थ नाही. कॅप्सूल असेल तर ती आत गरगरल्याचा आवाज यायला हवा. घेऊन झाल्यावर उघडून बघा, भुकटी शिल्लक असेल तर परत ओढा. आणि ही कॅप्सूल गिळायची नसते. मला सांगावंसं वाटतं, कारण ती गिळणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

स्टेरॉइड असलेला कोणताही पंप घेतल्यावर पाण्याने चूळ भरा, घशात गुळण्या करा आणि पाणी थुंकून टाका. सकाळ-संध्याकाळचा डोस दात घासायच्या आधी ठेवला की हे आपोआप होतं.

डबी संपली हे कसं कळतं

पंप हलवला की आत काहीतरी हलतं, दाबला की फवारा येतो, म्हणजे औषध आहे असं आपण धरून चालतो. तसं नसतं. औषधाचे मोजून भरलेले डोस संपल्यावरही थोडा वायू उरतो आणि तो फवाऱ्यासारखाच दिसतो. डबी पाण्यात टाकून ती तरंगते का हे बघायची जुनी युक्ती भरवशाची नाही, उलट तिने डबीचं तोंड चोंदतं. आकडा दाखवणारा पंप असेल तर शून्याच्या आधीच नवा आणा. आकडा नसेल तर साधा भागाकार: १२० पफची डबी, रोज चार पफ, तीस दिवस. सुरू केल्याची तारीख डबीवर लिहा.

दाबायच्या पंपातली धातूची डबी काढून प्लॅस्टिकचा भाग आठवड्यातून एकदा धुवा आणि पूर्ण वाळवा. भुकटीच्या पंपाला पाणी लावू नका, कोरड्या फडक्याने पुसा, न्हाणीघरात ठेवू नका. स्पेसर महिन्यातून एकदा सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवा आणि तसाच निथळत ठेवा. फडक्याने पुसलात तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज येते आणि कोरड्या केसांवर घासलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटावेत तसं औषध भिंतीला चिकटतं. कोणताच पंप उन्हात तापणाऱ्या गाडीत सोडू नका.

पंपाने भागत नाही तेव्हा

एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर झालीत, गळ्याजवळची किंवा बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, माणूस गुंगल्यासारखा वाटतोय, किंवा आरामाच्या पंपाचा परिणाम तीन-चार तासही टिकत नाही: यातलं काहीही दिसलं तर दवाखान्यात निघा. निघेपर्यंत आणि वाटेत माणसाला आडवं करू नका, बसतं ठेवा. साल्ब्युटामॉलचा पंप असेल तर स्पेसरमधून एकेक करत ४ ते १० पफ द्या. गरज लागली तर पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी पुन्हा देता येतात. जोडऔषधाचा पंप असलेल्यांनी डॉक्टरांनी लिहून दिलेली मर्यादा पाळायची. ती लिहून घेतलेली नसेल तर पुढच्या भेटीत घ्या आणि तो कागद पंपाच्या खोक्यातच ठेवा. घाबरलेल्या घरात कुणाला काही आठवत नाही.

आणि दर भेटीत पंप सोबत न्या. "घेता ना नीट?" या प्रश्नाला आपण सगळेच "हो" म्हणतो. त्याऐवजी "मी घेऊन दाखवतो, बघा" म्हणा. एकदा शिकलेलं तंत्र काही महिन्यांत हळूच बिघडतं, म्हणून हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. घरातलं कुणी बघणारं असलं तर आणखी बरं.

आत्याचं असं झालं की शेवटी तिला दाबायचा जोडऔषधाचा पंप आणि स्पेसर मिळाला. एका अंगठ्याने डबी दाबली जात नाही, म्हणून ती स्पेसर टेबलाच्या कडेवर टेकवते आणि दोन्ही हातांनी दाबते. स्पेसरमुळे घाई नसते, म्हणूनच हे जमतं. तिची रोजची आठ वाजताची वेळ आहे. परवा मी तिच्याकडेच होते, तर आम्ही दोघी शेजारी बसून घेत होतो. माझा पहिला पफ झाला, मिनिटभर थांबले, आणि दुसऱ्यासाठी पंप तोंडाशी नेला. ती टकटक मोजता मोजता मध्येच थांबली, स्पेसर बाजूला केला आणि माझ्या मनगटाला हात लावून म्हणाली, "आधी हलव."